भिंतीशी ठेवलेला पाट

फोन दुपारी ऑफिसात आला. पुरवणीची पानं लावायचं काम चालू होतं आणि नयनाचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे ती काय सांगते आहे हे आधी लक्षात आलं नाही. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. "खुर्चीतच. डॉक्टर येऊन गेले, हार्ट म्हणाले." तिच्यामागे यूपीएसची शिट्टी ठरावीक अंतराने वाजत होती. तिकडे चंदनसारला दुपारची लाईट गेलेली होती. "काका... कॉम्प्युटर चालूच आहे. सीडी अजून फिरतेय त्यात. बॅटरी संपत आलीय. बंद करू का?"

"नको, चालू दे," असं मी म्हणालो. कधी, कसं, वहिनी कुठे आहेत, हे नंतर विचारलं. नयना ही माझा मित्र मोरेश्वर याची एकुलती मुलगी. तिने तो प्रश्न का विचारला आणि त्या घरात तो त्या वेळी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न का होता, हे सांगितल्याशिवाय मोरेश्वरबद्दल काही सांगता येणार नाही.

मोरेश्वर म्युझिक सिस्टीम दुरुस्त करायचा. घर वसईच्या खाडीकाठचं, आगरी शेतकऱ्याचं. भात, खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध आणि त्या बांधाची दर वर्षीची डागडुजी. चंदनसारला इमारती उठायला लागल्या तेव्हा त्याने तिथे एक गाळा घेतला आणि त्याच इमारतीत वरती फ्लॅट. गिऱ्हाइकाने आवाज नीट येत नाही म्हणून तक्रार केली की तो आधी घर बघायला जायचा. "सिस्टीम बरी आहे हो तुमची. हॉल वाईट आहे. पडदे लावा," असं सांगून परत यायचा, आणि वहिनी म्हणायच्या, "पडद्याचं दुकान काढा आता, ते तरी चालेल." कमी बोलणारा, खात्री झाल्याशिवाय हो न म्हणणारा माणूस. बातमीदाराला असे लोक आवडतात. आमची ओळख बातमीमुळेच झाली.

त्याची आई जानकीबाई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं गाणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि ती गाते ते धवले. तिचं गाणं करमणुकीसाठी नसतं, ते विधीचंच काम असतं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका छोट्या कंपनीने धवल्यांची सीडी काढायचं ठरवलं. ती कंपनी पुढे लवकरच बंद पडली. परदेशात शिकून आलेला एक ध्वनिमुद्रक त्यासाठी गावात आला, आणि मी त्याची बातमी करायला गेलो होतो. जानकीबाईंनी त्याला अंगणातच थांबवलं. "मांडव नाय त धवला नाय. मी काय रेडिओ हाय, बटन दाबलं का गायाला?" ध्वनिमुद्रकाने मोरेश्वरला बाजूला घेऊन विचारलं, मांडव घालायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी घराच्या मागे खराखुरा मांडव उभा राहिला. उंबराची फांदी आली, पाच सवाष्णी आल्या, पाटावर तांदळाची रास आली. नवरा-नवरी तेवढी नव्हती.

पहिला धवला आवतणाचा. त्यात देवांना बोलावतात, मग खाडीला, बांधाला, विहिरीला, आणि शेवटी घरातल्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन. शेवटच्या नावानंतर एक जागा असते. लग्नघरातलं जे माणूस सगळ्यांत अलीकडे गेलं, त्याचं नाव तिथे घ्यायचं. त्या दिवशी लग्नघर नव्हतं, म्हणून जानकीबाईंनी ती जागा रिकामी सोडली. एका लांब श्वासाइतकी शांतता, आणि मग पुढची ओळ. शेवटचा धवला पाठवणीचा. ज्यांना बोलावलं त्यांना आपापल्या जागी परत पाठवायचं. तो संपताना त्यांनी मान खाली घातली आणि तांदळाच्या राशीकडे बघून, जवळजवळ ओठांतल्या ओठांत, काही शब्द म्हटले. ध्वनिमुद्रकाने मोरेश्वरकडे हातानेच विचारलं, काय म्हणतायत? मोरेश्वरने मान हलवली. त्यालाही माहीत नव्हतं. ते शब्द एक धवलारीण आपल्याच घरातल्या दुसरीला देते, लग्नाच्या मांडवातच. जानकीबाईंना मुलगी नव्हती. नातीच्या लग्नात नातीला देईन, असं त्या म्हणत.

सीडी निघाली ती साधी नव्हती. साध्या सीडीत आवाज ज्या बारकाईने मोजून भरलेला असतो, त्याहून अधिक बारकाई त्या काळी एका विशेष पद्धतीने तिच्यातच दडवून भरत असत. ही जादा माहिती सर्वांत हलक्या आवाजाच्या जागी, खुणेच्या रूपाने बसवलेली असे. कोणत्याही प्लेअरवर अशी सीडी वाजायची, फक्त साधी वाजायची. ती खूण ओळखणारा प्लेअर असला तर त्याच्यावर एक छोटा पिवळा दिवा लागायचा, आणि मग मोठा आवाज मोकळा व्हायचा, हलका आवाज आणखी खोल जायचा, शांतता खरोखर शांत व्हायची. मोरेश्वरने तसा प्लेअर मिळवला. दिवा लागला की तो माणसांना गप्प करायचा. खूण फार नाजूक, हे त्याने मला पुष्कळदा सांगितलं होतं. वाटेत आवाज किंचित कमी-जास्त केला, कुठे एक आकडा बदलला, की खूण मोडते. "ऐकायला काहीच बिघडलेलं नसतं," तो म्हणायचा. "दिवा तेवढा विझतो."

या दिव्यामुळेच ती सवय लागली. दुकानात कोणतीही नवी वायर, नवा स्पीकर, पुढे नवं साउंडकार्ड आलं की तो तपासायला ही सीडी लावायचा, आणि त्याच्या धंद्यातली सगळीच माणसं लावतात तसा पहिला ट्रॅक. शेवटच्या नावानंतरच्या त्या रिकाम्या जागेपर्यंत ऐकायचा, कारण शांतता किती खोल आहे हे तपासायला तिच्याहून चांगली जागा दुसऱ्या कोणत्या सीडीत त्याला सापडली नव्हती. शांतता ऐकली की बंद. पुढचं कधी लावायचा नाही. असं किती वेळा झालं असेल याचा हिशोब नाही. वर्षानुवर्षं, आठवड्यातून अनेकदा... आवतण करायचं आणि रिकाम्या जागेशी थांबायचं.

वय झाल्यावर जानकीबाई चंदनसारला फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आतल्या खोलीत मोरेश्वरचं सामान होतं. दोन स्पीकर, प्लेअर आणि नंतर आलेला कॉम्प्युटर. पहिल्याच दिवशी त्यांनी आपला आवाज ऐकला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "कोनाला बोलवतंस रं?"

"कोणाला नाही आये. वायर बघतोय."

"वायर बघाया माझ्या सासऱ्याला बोलवतंस? बोलवलंस त पाठव पन."

"मग शेवटचा लावू?"

"तो मांडवातच. दारात मांडव नसताना पाठवनी नाय करायची. कोन आयलं नसंल त घरातलंच जातं."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एक लाकडी पाट घेऊन आल्या. दोन स्पीकरांच्या समोर, भिंतीशी, तो मांडून ठेवला. "आयले त बसतील कुठं?" मोरेश्वर हसला. पाट त्याने हलवला मात्र नाही. आवाज घुमतो का बघायला खोलीतलं सगळं तो सतत इकडचं तिकडे करायचा, तेव्हाही पाट जागचा हलला नाही. वहिनींनी तोच एक विनोद करून ठेवला होता: "ह्यांच्या पाहुण्यांना चहा लागत नाही, तेवढंच बरं."

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते. मोरेश्वर सोल्डरिंग आयर्न आणि मीटर मांडायचा, वहिनी विळी ठेवायच्या, आणि जानकीबाई ती सीडी ठेवायच्या. त्यांचं अवजार तेच. हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट, दर वर्षी, सीडीच्या छापील बाजूला, अगदी कडेला. मध्ये भोक आहे, तिथे कसं लावायचं, म्हणून कडेला. पूजा झाली की ओल्या बोटाने पुसून डबीत. सीडीत आवाज छापील बाजूच्या अगदी लगत, वार्निशाच्या एका पातळ थराखाली असतो, आणि ती आतून बाहेर वाजते, त्यामुळे शेवटचा ट्रॅक कडेला येतो, हे मोरेश्वरला माहीत होतं. ते त्याने आईला सांगितलं की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. बहुधा नसावं. जानकीबाईंच्या जोडीने मांडवात बसलेल्या बायकांनाही एकेक सीडी मिळाली होती. त्या सगळ्या पुढे भाजीच्या वाड्यांत पाखरं हाकायला दोऱ्याने टांगल्या गेल्या. कंपनी बुडाल्याने बाजारातही प्रती नव्हत्या, त्यामुळे शेवटी राहिली ती ही एकच, कडेला हळद लागलेली.

जानकीबाई गेल्या तेव्हा मी मोरेश्वरला भेटायला गेलो. तो प्लेअरसमोर बसला होता, प्लेअर बंद होता. "आता त्या रिकाम्या जागेत तिचंच नाव येतं," तो म्हणाला. त्यानंतर बराच काळ त्याने सीडी लावली नाही. मग नयनाचं लग्न ठरलं.

या वेळेपर्यंत कॉम्प्युटरवर ती खूण ओळखणारा एक प्रोग्राम आला होता. चांगलं साउंडकार्ड असेल, प्रोग्राममधली आवाजाची पट्टी पूर्ण वर असेल आणि आवाज सुधारणारी सगळी बटणं बंद असतील, तर दडवलेल्या बारकाईसकट आवाज हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता यायचा. पडद्यावर कोपऱ्यात प्लेअरसारखाच पिवळा दिवा लागायचा. मोरेश्वरला नयनाच्या मांडवात तिच्या आजीचे धवले लावायचे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटचे ओठांतले शब्द नयनाला ऐकवायचे होते. साध्या वाजवण्यात ते शब्द खरखरीखाली जातात. दिवा लागलेला असेल तरच ते वर येतील, आणि शब्द आले नाहीत तर पाठवणी झाली नाही. मधले सगळे धवले त्याने नीट उतरवले. पहिला तर त्याच्याकडे कितीतरी प्रतींत होता. शेवटचा राहिला. मांडवाशिवाय लावायचा नाही, या आईच्या शब्दाला त्याने एक वाट काढली. सीडीवरचे आकडे कॉम्प्युटर आवाज न करता नुसते वाचू शकतो. "वाजलं नाही म्हणजे लावलं नाही," तो म्हणाला. त्याला हे पटलं होतं असं वाटलं नाही. तसं म्हणताना त्याने पाटाकडे बघितलं होतं.

आमची शेवटची भेट त्या खोलीत झाली. त्याने सीडी ड्राइव्हमधून काढून खिडकीच्या उजेडात धरली. आतला भाग काळा होता. कडेला मात्र बारीक बारीक उजेडाचे ठिपके होते, दाट, एकमेकांत मिसळलेले, आणि नीट पाहिलं तर ते लांबट, बोटाच्या टोकाच्या आकाराचे होते. "आयेची बोटं," तो म्हणाला. त्याने एकदा वाचून पाहिलं होतं. मोडलेल्या जागी ड्राइव्ह आजूबाजूला बघून अंदाजाने भर घालतं, त्यामुळे कानाला गाणं सलग लागलं असतं, पण त्या भरीत खूण नसते. आता त्याने दुसरा प्रोग्राम लावला होता, अंदाज न करणारा. तो एकेक मोडकी जागा पुन्हापुन्हा वाचतो, जमेपर्यंत किंवा सोडून देईपर्यंत. ड्राइव्ह फिरायचं, मंद व्हायचं, थबकायचं आणि पुन्हा फिरायचं. "दम लागल्यासारखं करतं," वहिनी दारातून म्हणाल्या. "दोन दिवस झाले, तेच एक. अहो, तुम्ही तरी सांगा ह्यांना, जेवायला उठत नाहीत." मी सांगितलं. "लग्नाआधी व्हायला पाहिजे," मोरेश्वर म्हणाला. "नाहीतर मांडवात पहिला लावायचा आणि पुढे काय? बोलावून ठेवायचं नुसतं?" मी म्हणालो, पहिलाही लावू नकोस मग. त्याने मान हलवली. "तो मी लावलाय रे. किती वर्षं लावतोय..."

त्यानंतर नयनाचा फोन आला, तो वर लिहिला आहे. लाईट बॅटरी संपायच्या आत आली. लोक जमले, सामान आलं, मोरेश्वरला गावी खाडीकाठच्या स्मशानात नेलं. या सगळ्या वेळात बंद दाराआड ड्राइव्ह चालूच होतं. आम्ही परत आलो तेव्हा ते थांबलेलं होतं आणि पडद्यावर, वाचन पूर्ण झालं, असं लिहून आलं होतं. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. त्याला रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घेत नव्हता, त्या दिवसांत जेवतही नव्हता. शेवटच्या धवल्याचं वाचन चालू असताना तो गेला. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, एवढंच लिहिता येतं. गावात याहून अधिक बोललं गेलं. दारात मांडव नव्हता, हे प्रत्येकाला माहीत होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर नयनाने मला बोलावून घेतलं. तिला ती फाइल लावायची होती आणि दिव्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी हवं होतं. वहिनी नको म्हणत होत्या. "आई, आजीचं म्हणणं काय होतं? कोणी आलं नसेल तर घरातलं जातं," नयना म्हणाली. "इथे तर पप्पांनी इतक्या वर्षांत कितीदा बोलावलंय. पाठवलं एकदाही नाही. एकदा तरी पाठवू." वहिनी आत येऊन दाराशी बसल्या.

तिने पट्टी पूर्ण वर नेली, बाकीची बटणं बंद आहेत हे वडिलांसारखंच दोनदा पाहिलं आणि शेवटचा धवला लावला. कोपऱ्यातला पिवळा दिवा लागला. जानकीबाईंचा आवाज त्या खोलीत आला तसा मी तो मांडवातही ऐकला नव्हता. श्वास घेतलेला कळत होता. मागे कोणाच्या तरी बांगड्या होत्या, त्यामागे मांडवाच्या झावळ्या वाऱ्याने घासत होत्या. एकेकाला निरोप देत गाणं पुढे चाललं होतं. देव गेले, खाडी गेली, बांध, विहीर. पितरांची नावं सुरू झाली. मग आवाज उतरला, मान खाली गेल्याचं आवाजावरून कळलं, आणि ओठांतले शब्द सुरू झाले. पहिला शब्द स्पष्ट होता. दुसरा होता.

दिवा विझला.

आवाज थांबला नाही. मोरेश्वर म्हणायचा तसं, ऐकायला काही बिघडल्यासारखं वाटलं नसतं. नुसती खरखर जवळ आली आणि तिच्याखाली कोणीतरी बोलतंय, एवढंच उरलं. बोलणं पुढे चालू राहिलं, संपलं, बांगड्या वाजल्या, ट्रॅक संपला. नयना पडद्याकडे बघत राहिली. वहिनींनी दाराशी बसल्या बसल्या विचारलं, "गेले का?"

नयनाने कॉम्प्युटर बंद केला.

लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं आहे. धवले सीडीवरून लागणार नाहीत. पलीकडच्या गावची एक धवलारीण येणार आहे. ती बोलणी करायला आली त्या दिवशी योगायोगाने मी तिथे होतो. सत्तरीची, ताठ बाई. बोलणं झाल्यावर तिने रीतीप्रमाणे विचारलं, "घरातलं शेवटचं कोन? आवतनात नाव घ्यायला लागंल."

"नाव सांगते," वहिनी म्हणाल्या. "आधी मला सांगा, शेवटी पाठवायचं तुम्हाला येतं ना?"

"माझ्या घरचं येतं, बाय. पाठवायचं ज्याचं त्याच्या घरचं असतं. तुमचं जानकीबायकडं होतं."

वहिनींनी मोरेश्वरचं नाव सांगितलं. बाईंना चहा दिला, कुंकू लावलं, जिन्यापर्यंत सोडून आल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि आतल्या खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाट होता. स्पीकरांच्या समोर, भिंतीशी, पहिल्या पाटाला लागून तो त्यांनी मांडला, पदराने पुसला, आणि दोन्ही एका रेषेत आहेत ना, हे जरा मागे सरून पाहिलं.